कुर्बान मिस्त्रीची पांदणीतली गाडी

"गाडीले नोको इचारू, जमिनीले इचार."

कुर्बान मिस्त्री हे वाक्य दिवसातून किती वेळा म्हणतो, ते मोजणं त्याच्या बायकोनं लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सोडून दिलं होतं. परतवाड्याच्या स्टँडसमोर चहा पिता पिता कोणी नव्या गाडीचं कौतुक सुरू केलं, तिची काच कशी बटणावर खाली जाते, तिचे दिवे कसे वाघाच्या डोळ्यांसारखे पेटतात, की कुर्बान बशीतल्या चहावर फुंकर घालायचा आणि एवढंच बोलायचा. समोरच्याला वाटायचं, म्हातारा जळतो. तसं नव्हतं. गाडीवर कुर्बानचा जीव होता. पण डांबर जिथं संपतं तिथं त्याचं काम सुरू व्हायचं, आणि चौतीस वर्षं त्या जागी उभा राहिलेला माणूस गाडीकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहतो.

काम कोणतं, तर बोअरमधली मोटर काढायचं.

सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा हा संत्र्याचा पट्टा. परतवाड्याहून चांदूर बाजारकडे निघा, दोन्ही हातांना बगीचेच बगीचे. वर जेवढी झाडं दिसतात, तेवढंच लोखंड खाली जमिनीच्या पोटात उभं आहे. चारशे फूट, पाचशे फूट. त्या अंधारात पाण्यात बुडून मोटर बिचारी वर्षानुवर्षं फिरत असते, आणि ती एक दिवस जळाली की वरचा बगीचा तोंड उघडून बसतो. मग कुर्बानला फोन. बोअरवर लोखंडी तिपाई उभी करायची, साखळीची चैनकुप्पी टांगायची, वीस फुटांचा पाइप वर ओढायचा, शिकंज्यात आवळायचा, पान्यानं आटे सोडवून बाजूला निजवायचा, मग पुढचा. असे वीस-वीस पाइप. त्याला पाच माणसं लागत, आणि सहावा मिस्त्रीचा हात. कुर्बान पाइपाला तळवा लावायचा, डोळे मिटायचा, आणि सांगायचा: मोटर मोकळी आहे, की गाळात बसली आहे, की केबल तिच्या गळ्यात अडकली आहे. वैद्यानं नाडी पाहावी तसं. चुकायचा नाही.

त्याची मुलगी हीना हे सगळं शाळेत जायच्या आधीपासून पाहत होती. बापाची जुनी जीप गल्लीच्या तोंडाशी आली की आवाजावरून तिला कळायचं, आज काम सुखाचं झालं की नाही. बायकोशी उर्दू, बाकी सगळ्यांशी वऱ्हाडी, आणि राग आला की दोन्ही एकदम, अशी कुर्बानची भाषा. तीच हीनाची झाली. अमरावतीला राहून तिनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि परत येऊन ट्रॅक्टर दुरुस्तीच्या एका कारखान्यात लागली. लोकांनी आधी तोंडं वाकडी केली. मग त्यांचेच ट्रॅक्टर तिच्या हातून सुरू झाले, तेव्हा सरळ झाली.

गेल्या पावसाळ्यात कुर्बानची कंबर गेली. बोअरवर पाइप ओढता ओढता तो खाली बसला तो उठलाच नाही. बैलबंडीत घालून त्याला रस्त्यावर आणावं लागलं. अमरावतीच्या डॉक्टरांनी फोटो पाहिला आणि सांगितलं, आता साखळी ओढणं बंद. त्याच सुमारास त्याची माणसंही पांगली. दोघं पुण्याला कंपनीत गेले, एक बडनेऱ्याला ऑटो चालवू लागला, बाकीच्या दोघांना एवढ्या जड कामाची हौस उरली नव्हती. अकोल्याहून धाकट्या भावाचा निरोप आला. त्याचं टाइल्सचं मोठं दुकान होतं. "भाईजान, इधर आ जाव. दरवाजे में कुर्सी, सर पे पंखा. आनेवाले को आईये बोलना, बस."

कुर्बान "हो" म्हणाला, आणि त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी हीना ताट घेऊन समोर बसली.

"अब्बा, पाच मानसायचं काम करनारी गाडी असन तं?"

"मोठ्या मोठ्या गाड्या हायेत नं. ट्रकवर उभा मनोरा, बटन दाबलं का पाइप वर. त्या पांदणीत घुसते का?"

"घुसनारी बनवू."

कुर्बाननं भाकरीचा एक तुकडा मोडला. हीनाला तेवढं पुरे होतं.

ठरलं ते असं. मिरगापर्यंत मुदत. तोवर गाडी तयार झाली आणि दोन माणसांत तिनं मोटर काढून दाखवली, तर कुर्बान परतवाड्यात. नाही तर अकोल्याची खुर्ची. भावालाही तसंच कळवलं. कुर्बानच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काम राहणार की जाणार, हे त्याच्या हाताबाहेरच्या गोष्टीवर टांगलं गेलं होतं.

दोन वर्षं वापरलेली एक छोटी पिकअप त्यांनी मिळवली. चारही चाकं ओढणारी, पण अंगानं बारीक. बाप-लेकीचं पहिलं भांडण चाकांवरून झालं, ते आपसात नव्हे तर बघ्यांशी. शेजारचा टायरवाला रुंद, जाड, नक्षीदार टायर घेऊन आला. असे टायर लावले की गाडी पहिलवानासारखी दिसते. कुर्बाननं ते हातानं बाजूला सारले. "मले कुस्ती नाई खेळाची." त्यानं उंच आणि अरुंद चाकं लावली. गल्लीतले लोक हसले, सायकलची चाकं म्हणाले. कुर्बान म्हणाला, "बंडीचं चाक पायलं का कदी? दोन बोटं रुंद. आमच्या काया मातीत वरचा थर लोन्यासारखा, पन खाली वीतभर गेलं का कडक. रुंद चाक लोन्यावरच घसरते. बारीक चाक कापत जाते अन खालच्या कडक जमिनीले धरते." हीनानं हे डिप्लोमात कुठं वाचलं नव्हतं, पण ऐकताच तिला पटलं.

तिचं म्हणणं वेगळ्या गोष्टींबद्दल होतं. गाडीत पडदा होता, बोट लावलं की गाणी वाजवणारा. तो तिनं काढला. ग्रीसचा हात त्यावर चालत नाही. त्याच्या जागी चार मोठे खटके बसवले, अंगठ्याएवढे, अंधारात चाचपून दाबता येतील असे. सीटवर साधं रेक्झीन, खाली गालिचा नाही, आणि पायाशी एक भोक, बादलीभर पाणी टाकलं की चिखल खालून निघून जावा म्हणून. पुढं-मागं मजबूत कडी. अवजारांची पेटी बाहेरच्या बाजूला, उभ्या माणसाच्या हाताशी. पाइप वर ओढणारी दोराची विंच तिनं बॅटरीवर ठेवली नाही. गाडीच्या इंजिनावरच जोडली, म्हणजे ऐन कामात जीव सोडणार नाही. आणि तिला ब्रेक असा, की हात सुटला तरी पाइप जागच्या जागी लटकून राहील. खांब दोन घडीचा, निजवला की टपावर, उभा केला की तेवीस फूट. मागं जमिनीवर टेकणारे दोन लोखंडी पाय. सगळी रुंदी एवढीच, की संत्र्याच्या दोन ओळींतून फांदी न मोडता निघेल. आणि सुटा भाग असा एकही नाही जो परतवाड्याच्या बाजारात मिळत नाही.

"गाडी वावरात बंद पडली तं कोन्या शहरात फोन लावाचा?" असं ती म्हणायची. कुर्बान मान डोलवायचा. पोट्टी बोलते बरोबर, असं तो तोंडानं कधी म्हणाला नाही.

एकाच गोष्टीवर दोघांचं वाजलं. मडगार्ड.

हीनाचं म्हणणं, चाकांवर झाकण नकोच; लावलंच तर नटबोल्टवर लावा. कुर्बानचं म्हणणं, बोल्ट ढिले होतात, खडखडतात. आणि झाकण पाहिजेच. का पाहिजे, ते तो सांगेना. शेवटी त्याच्या बायकोनं, गुलनारनंच सांगितलं. ती अंगणात कपडे धूत होती.

"चौतीस साल से कीचड़ धो रही मैं. एक दिन बोल दी, नई गाड़ी में तो कपड़ों पे मेहरबानी करो. तब से मडगार्ड मडगार्ड लगा के बैठे हैं."

बायकोला कुर्बाननं कधी साडी आणली नव्हती, कधी सिनेमाला नेलं नव्हतं. हे एक करायचं त्यानं मनावर घेतलं होतं. चारही चाकांवर त्यानं जाड पत्र्याची, खोल, गोल मडगार्डं बसवली आणि स्वतः वेल्डिंग केलं. कंबरेला पट्टा बांधून, दोन दिवस. जोडाचे डाग असे, की बोट फिरवलं तर सुतासारखे. हीनानं नटबोल्ट परत पेटीत टाकले.

एप्रिल सरत आला होता. गाडीला अजून एकही काम लागलं नव्हतं. लोक पाहून जायचे, लाथ मारून चाक तपासायचे, आणि फोन मात्र जुन्या पाच माणसांच्या टोळ्यांना करायचे. आणि एका संध्याकाळी खैरीहून रुख्मिणीबाईंचा फोन आला.

रुख्मिणीबाई आणि त्यांचे यजमान चंद्रभान यांचा चारशे झाडांचा संत्र्याचा बगीचा. आंबिया बहाराची फळं बोराएवढी झालेली. अशा वेळी पाणी तुटलं की झाड फळ टाकून देतं. वर्षभराची मेहनत बुंध्याशी पडते. मोटर परवा जळाली होती. मोठ्या गाडीवाल्यानं पांदण पाहून दुरूनच हात जोडले. टोळ्या आठ-आठ दिवस मोकळ्या नव्हत्या.

"कुर्बानभाऊ, गळ सुरू झाली," रुख्मिणीबाई फोनवर म्हणाल्या. "नवी मोटर आनून ठेवली. येता का?"

"उद्या सकाळी बोअरवर उभा असतो, वहिनी."

आणि त्याच रात्री अवकाळी आला. तासभर. बगीच्याची तहान भागवण्याएवढा नाही, पण पांदण बिघडवण्यापुरता.

सकाळी सातला हीनानं गाडी डांबरावरून खाली उतरवली. शेजारी कुर्बान. पांदण म्हणजे दोन धुऱ्यांमधली, शेतांच्या बांधांमधली वाट. दोन्हीकडे बाभळी, मधे काळी माती, आणि तीवर रात्रीच्या पावसाची चमक. कुर्बाननं काठी घेऊन उतरून चार जागी खुपसून पाहिलं, तळव्यानं खूण केली. चाल.

गाडी चालली. हीनानं सगळ्यात खालचा गिअर टाकला होता. गाडी गाभण म्हशीसारखी हळू, पण न थांबता जात होती. अरुंद चाकं लोणी कापत खालच्या कडक जमिनीला धरत होती. शंभर पावलं गेली. दोनशे. कुर्बाननं खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी.

आणि मग गाडी जड झाली. इंजिन गुरगुरलं, चाकं फिरेनात. घसरलीही नाहीत. फिरलीच नाहीत.

हीना उतरली. चाक आणि मडगार्ड यांच्या मधल्या फटीत काळी माती ठासून बसली होती, त्यात गवत आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या मिसळलेल्या. सिमेंटच जणू. तिनं सळईनं खोदून काढली. चारही चाकांची. अर्धा तास गेला. गाडी वीस पावलं गेली आणि पुन्हा गच्च.

वावराच्या टोकाशी चंद्रभान उभे होते. बारीक, उंच, खांद्यावर दुपट्टा. येता येता त्यांनी दुरूनच हाक मारली.

"काहो मिस्त्री, गाडी आनली का पुतळा बसवला?"

"थांबली जराशी. दम घेऊन राहिली."

"मी म्हनतो, बैलं आनू का? ढवळ्या-पवळ्या एका झटक्यात ओढते."

कुर्बानच्या कपाळावरची शीर हललेली हीनानं पाहिली. गाडी पहिल्याच दिवशी बैलांनी ओढून नेली, ही गोष्ट दुपारपर्यंत चांदूर बाजारात आणि संध्याकाळपर्यंत अकोल्यात पोचली असती. मग कोणी फोन केला असता?

"बैलायले चारा टाक," कुर्बान म्हणाला.

"बरं बाप्पा. पन थ्री फेज लाइन चार वाजता जाते. तोवर पानी नाई पडलं तं उद्यावर गेलं. अन ऊन पाय कसं निंगून राहिलं."

ऊन खरंच निघालं होतं. एप्रिलचं, धुतलेलं, टोचणारं. हीना चाकाजवळ उकिडवी बसली. तिला सांगायचं होतं, मी म्हटलं होतं. पण बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं, त्याला ते आधीच ऐकू आलं आहे.

"झाकन काढा लागते," कुर्बान हळूच म्हणाला.

"हो."

"तुह्या अम्मीले सांगलं होतं म्या..."

हीनानं फोन लावला आणि आवाज मोठा केला. पलीकडे नळाचं पाणी वाजत होतं.

"अम्मी, मडगार्ड काटना पड़ेंगा. अब्बा पूछ रहे."

"पूछ रहे? मेरेको?" नळ बंद झाला. "अजी सुनो, उधर रुख्मिणी का बगीचा सूख रहा, और तुम मेरे साबुन का सोच रहे? काटो! और हीना, उनको झुकने मत देना. कपड़े मैं धो लूँगी, कमर कौन धोएँगा?"

चंद्रभान दुपट्टा तोंडावर धरून हसले. कुर्बाननं फोनकडे असं पाहिलं, की जणू गुलनार त्यातून बाहेर येणार आहे.

छन्नी आणि घण पेटीत होते. वाकायची कुर्बानला बंदी, म्हणून घण हीनाच्या हातात. तो बाजूला उभा राहून डाग दाखवत होता. पहिला डाग निघायला दहा घाव लागले. दुसऱ्याला पंधरा. चौथ्यावर छन्नीचं तोंडच मोडलं. हीनाच्या हाताला फोड आला, ओढणीनं घाम पुसून ती पुन्हा बसली.

"कोन्या बह्याडानं एवढं पक्कं वेल्डिंग केलं बे?" कुर्बान वैतागून म्हणाला.

हीनानं घण खाली ठेवला. वर पाहिलं. आधी चंद्रभान हसले, मग ती, आणि शेवटी कुर्बान स्वतः, कंबर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसणं ओसरलं तसा तो खाली बसला. डॉक्टर काय म्हणाले ते विसरून नव्हे, तर मांडी घालून, नीट, चाकासमोर. आणि डागावर बोट ठेवून म्हणाला, "वरून नोको मारू. पत्रा अन चौकट यायच्या मधात छन्नी घाल, तिरपी. मी जसा जोडला तसाच उलटा निंगते थो." तिनं तशी छन्नी घातली. तीन घावांत डाग सुटला.

दहाच्या सुमारास चारही झाकणं धुऱ्यावर पडली होती. चाकं उघडी. हीनानं गाडी सुरू केली. माती चाकांना लागली, वर गेली आणि उडून बाभळींवर, टपावर, तिच्या तोंडावर, चंद्रभानच्या पांढऱ्या दुपट्ट्यावर पडली. गाडी मात्र थांबली नाही. पांदण संपली, पाण्याचा दांड ओलांडला, आणि संत्र्याच्या दोन ओळींतून एकही फांदी न मोडता ती बोअरपाशी जाऊन उभी राहिली.

रुख्मिणीबाई तिथं वाट पाहत होत्या. बुंध्यांशी गळून पडलेली हिरवी, बोराएवढी संत्री त्यांनी पदरात गोळा केली होती. फक्त पदर उघडून दाखवला.

खांब उभा झाला. मागचे पाय टेकले. हीना खटक्यांपाशी, कुर्बान बोअरच्या तोंडाशी शिकंजा धरून. पहिला पाइप वर आला तेव्हा साखळीचा खणखणाट नव्हता, पाच माणसांची आरोळी नव्हती. नुसता इंजिनाचा एकसारखा सूर. कुर्बानला ते विचित्र वाटलं असणार. तो सवयीनं "जोर लगाके" म्हणायला गेला आणि थांबला.

सातव्या पाइपाला त्याचा हात कंबरेवर गेला. आठव्याला चेहरा पांढरा पडला. हीनानं विंच थांबवली. पाइप जागच्या जागी लटकून राहिला.

"सरका, मिस्त्री," रुख्मिणीबाई म्हणाल्या. पदराला गाठ मारून, तो खोचून त्या पुढं आल्या आणि पाना त्यांनी त्याच्या हातातून काढून घेतला.

"वहिनी, हे जड काम..."

"काहून? चारशे झाडायचे आळे दोनदा खांदतो मी, तवा नाई म्हनत कोनी. कोन्या बाजूनं फिरवू ते सांगा."

कुर्बान संत्र्याच्या सावलीत पोत्यावर बसला. बसून सांगू लागला. डावीकडे, वहिनी. हां. आता हीना, दोन बोटं खाली. दाब. बारावा, तेरावा, चौदावा पाइप. हीनाच्या लक्षात आलं, की काम दोन बायकांच्या हातांवर चाललं आहे आणि चंद्रभान मुकाट्यानं पाइप उचलून ओळीत ठेवताहेत.

सोळाव्याला सगळं अडलं. विंच ओढत होती, दोर तुणतुण्यासारखा ताणला होता, पाइप हलत नव्हता. आणखी जोर दिला तर दोर तुटला असता, नाही तर पाइप. आणि मोटर कायमची खाली. मग बोअरच गेलं.

हीनानं हात वर केला. "अब्बा."

कुर्बान उठला. हळूहळू आला. त्यानं पाइपाला तळवा लावला आणि डोळे मिटले. बगीच्यात कुठं तरी होला घुमत होता. बराच वेळ गेला असं वाटलं.

"केबल हाय. खाली पाइपाले गुंडाळली. ओढू नोको. ढील दे. आनखी. आता वहिनी, पाइप उजवीकडे फिरवा, आट्यायच्या दिशेनंच, नाई तं सुटन. एक. दोन. थांबा."

त्यानं हीनाचा फोड आलेला हात धरला आणि आपल्या हाताखाली पाइपावर ठेवला.

"पाय. थरथर लागते का?"

आधी तिला काही लागलं नाही. मग लागलं. अगदी बारीक, खोलवरून येणारं, मांजर अंगाशी घुरघुरावं तसं काही तरी, आणि मग एकदम शांत.

"सुटली," हीना म्हणाली. तो काही बोलायच्या आधी.

कुर्बाननं हात काढून घेतला. "मंग वढ."

मोटर वर आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. काळी, जळलेल्या वासाची. नवी खाली सोडायला तेवढा वेळ लागला नाही. तीनला वीस मिनिटं असताना चंद्रभाननं मोटरचा खटका ओढला. पाइपानं आधी हवा टाकली, खोकल्यासारखी. मग गढूळ पाणी, लालसर. मग पांढरं, जोरदार, दांडातून पळत निघालेलं. रुख्मिणीबाईंनी पदरातली गळलेली फळं बांधावर ठेवली आणि त्या पाण्यामागून चालू लागल्या, पहिल्या झाडाच्या आळ्यापर्यंत. हातानं त्यांनी मातीचा बांध फोडला. पाणी आत शिरलं.

जेवण तिथंच झालं. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. चंद्रभान घास घेता घेता फोनवर बोलत होते. "हो नं भाऊ. दोघीच होत्या. मिस्त्री नुसता सावलीत बसून होता, लाटसाहेबावानी. पांदणीतून आली गाडी. बैलं? बैलं चारा खाऊन राहिले." फोन ठेवला की दुसरा वाजायचा. शिरजगावचा होता, मग आसेगावचा. दोघांनाही नंबर पाहिजे होता. चंद्रभाननं दोघांना हीनाचा दिला.

कुर्बाननं हात धुतले आणि अकोल्याला फोन लावला.

"भाई, थे खुर्ची दुसऱ्या कोनाले दे." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाई, नाराज नाई. तब्येत बी ठीक हाय. इथं बसाले जागा मिळाली मले. झाडाखाली." त्यानं फोन खिशात टाकला आणि मोठ्यानं ढेकर दिला.

जळालेली मोटर त्याच दिवशी परतवाड्याला तारा भरायला पोचवायची होती. चंद्रभान सोबत जाणार. गाडीत दोनच सीटं, मागं खांब आणि सामान. कुणी कुठं बसायचं यावर चंद्रभान विनवण्या करू लागले, मिस्त्री तुमी बसा, मी टपावर बसतो. कुर्बाननं ऐकलं नाही.

"तुमी बसा. मी रोडवर जातो, तिथून ऑटो सापडते. इंजिनाचा आवाज आयकून कान बसले माहे."

त्यानं चपला काढून हातात घेतल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. हीना स्टिअरिंगवर बसली होती. शिरजगावच्या माणसाला ती फोनवर विचारत होती, बोअर किती खोल, वाट कशी, केबल किती जुनी. बोलता बोलता तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं काही सूचना दिली नाही. गिअर जपून टाक म्हणाला नाही, विंच झाकून ठेव म्हणाला नाही. बोटानं फक्त, जातो, अशी खूण केली.

तो पांदणीत उतरला. माती अजून ओली होती. पाऊल टाकलं की वर येताना आवाज करायची. थोडा कलून, पण न थांबता, हातातल्या चपला हलवत तो चालला. एका बाभळीखाली थांबून त्यानं तळव्याचा काटा झटकला आणि पुन्हा निघाला. पांढरा सदरा, पाठीवर काळ्या मातीचे शिंतोडे.

रुख्मिणीबाई फावडं टेकवून धुऱ्यावर उभ्या होत्या, पाणी दुसऱ्या ओळीकडे वळलं होतं. हीनानं फोनवर म्हटलं, "थांबा काका, एक मिनिट," आणि फोन मांडीवर ठेवला. दोघी पाहत राहिल्या. पांदण जिथं वळते तिथं तो वळला आणि झाडांआड गेला, तरी हीनानं लगेच किल्ली फिरवली नाही.